मागच्या वेळी अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्यांत बरं वाटलं होतं. या वेळी डॉक्टरांनी दिली नाही, मेडिकलमधून आणू का?

नका आणू. चार दिवसांची सर्दी आणि पिवळा कफ, एवढ्यावर तुमच्या डॉक्टरांनी नुसती पॅरासिटामॉल दिली, ते बरोबरच केलं.

सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग आपणहून उतरते. माणूस दोन दिवस काढा घेऊन बघतो, चौथ्या दिवशी दवाखान्यात येतो आणि पाचशे मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या संपेपर्यंत सातवा दिवस उजाडतो. उतार पडणारच होता, नाव गोळीचं झालं. कफाचा पिवळा-हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइमचा असतो, विषाणूंच्या सर्दीतही तो येतोच. गोळ्या संपल्या तरी अझिथ्रोमायसिन आठवडाभर अंगात थोडं थोडं उरतं. तेवढ्यात घशातले नि आतड्यातले जंतू त्याला सरावतात.

माझा खरा राग आमच्याच डॉक्टर लोकांवर आहे. ‘नाही लिहिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल’ हे मला कधीच पटलेलं नाही. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, जरा पॉवरफुल द्या, सोमवारी कामावर जायचंय.’ त्याला हवा असतो दिवसांचा हिशेब. छाती नीट तपासून ‘छाती साफ आहे, ताप दोन-तीन दिवसांत जाईल, खोकला मात्र दोन-अडीच आठवडे रेंगाळेल’ एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं, तर आठव्या दिवशी तो घाबरून येत नाही. हे न सांगता नुसतं ‘व्हायरल आहे’ म्हटलं की तो सरळ मेडिकल गाठतो.

आता अँटिबायोटिक कधी लागतं तेही सांगतो. खोकला नाही, पण ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि गळ्यात दुखऱ्या गाठी आहेत, तर घसा दाखवा. बरं वाटून पुन्हा ताप चढला, तरी दाखवा. लहान मूल शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका धरून लगेच न्या. म्हातारी माणसं, मधुमेही आणि दम्याचे पेशंट यांनी वाट बघत बसू नये.

खोकला असा रेंगाळतो हे खरं, तरी दोन आठवड्यांवर गेला तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. तोवर मनानं लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नका. त्यानं टीबी थोडा दबतो आणि निदान लांबतं.