सगळेच पट्टे लाल का?

‘रोज प्लॅन करतो, तरी काम वेळेत होत नाही. माझ्यातच खोट आहे का?’ हे विचारायला, समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांत कारखानदारांची मुलं बरीच असतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतींतली. वडिलांनी उभा केलेला धंदा हातात आलेला आणि झोप उडालेली. त्यातल्याच एकाची ही हकिगत, त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून.

घरची छोटी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, शेजारी मशीन शॉप. डिप्लोमा झालेला. आल्या आल्या त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. एक्सेलमध्ये गँट चार्ट: डावीकडं कामं, वर तारखा, मधे आडवे रंगीत पट्टे. रंगीत कसले, सगळे लालच.

“रात्री दोनला उठून हे बघतोय, मॅडम. एक पट्टा हलवला की खालचं सगळं हलतंय. डोकंच चालंना झालंय. आबांनी सगळा धंदा खिशातल्या डायरीवर केला, आणि मला कॉम्प्युटर असून जमंना.”

आबांच्या वेळी ऑर्डरी किती होत्या आणि गिऱ्हाईकं किती, हे मी विचारलं. तो विषय तिथंच मिटला.

चार्टकडं मात्र मी नीट पाहिलं. प्रत्येक कामापुढं जबाबदार म्हणून त्याचंच नाव. जवळजवळ सगळे पट्टे एकाच तारखेला सुरू. आठवड्याची सुट्टीसुद्धा कामात धरलेली. आणि ऑर्डर देणाऱ्या कंपनीनं नमुना मंजूर करण्याचा पट्टा कुठंच नाही. “ते काय आपल्या हातात न्हाई, म्हणून घातलं न्हाई,” तो म्हणाला. माझ्या मते गाठ इथं होती. स्वतः हात चालवायचा तेवढंच काम धरलेलं, आणि वाट बघण्यात जाणारे दिवस हिशेबातच नाहीत. मग ते दिवस गेले की चूक आपलीच वाटते.

मोबाईल बाजूला ठेवायला लावला. आलेख कागद आणि पेन्सिल दिली. एकच ऑर्डर घ्यायची, आणि दिवस मनानं नाही, माल आल्या-गेल्याच्या जुन्या चलनांवरून काढायचे. पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून ओतायचा साचा घेतात त्या आकाराला, तो 5 दिवस धरत होता; पुढच्या भेटीला चलनं घेऊन आला तेव्हा एकदाही 8 च्या आत झालेलं दिसेना. यात लाजण्यासारखं काही नाही. काम किती वेळ घेईल याचा अंदाज माणूस बहुतेक वेळा कमीच धरतो, आधीचा अनुभव पाठीशी असला तरी. काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच हे मांडलं आहे.

मग पट्टे एकामागून एक लागले. पॅटर्न 8 दिवस. नमुना ओतणं 3. मापं तपासणं 1. कंपनीची मंजुरी 5. पूर्ण लॉटचं मोल्डिंग (साचे करणं), ओतकाम, फेटलिंग (नगांवरचा जादा धातू काढणं) 6. मशिनिंग 5. बेरीज 28. गिऱ्हाइकाला फोनवर शब्द दिला होता 25 चा. कुणी आजारी नाही, वीज गेली नाही, पॅटर्नवाला दिलेल्या दिवशी आला, असं सगळं धरूनसुद्धा 28. तो बराच वेळ ती बेरीज परत परत करत बसला.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. मशिनिंगचं फिक्श्चर, म्हणजे नग मशीनवर घट्ट धरून ठेवणारं साधन, बनायला 10 दिवस. ते पॅटर्नसोबत पहिल्याच दिवशी सुरू करता येतं आणि लागतं थेट 23 दिवस उलटल्यावर. म्हणजे हातात 13 दिवस मोकळे. आणि हा माणूस रोज रात्री भांडत कुणाशी होता? फिक्श्चरवाल्याशी! मंजुरीसाठी कंपनीच्या खरेदी विभागाला मात्र एकही फोन नाही. “मोठ्या साहेबांना कसं विचारायचं?” उशीर खरोखर ठरवणाऱ्या पट्ट्याची भीती वाटत होती, म्हणून चिडचिड सोप्या माणसावर निघत होती. हे मी नुसतं सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं. कागदावर दिसलं.

मग लाल पेन्सिल फक्त शेवटची तारीख पुढं ढकलणाऱ्या पट्ट्यांना. फिक्श्चरचा पट्टा निळा.

हा चार्ट म्हणजे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं फॅड, असाही त्याचा समज होता. हेन्री गँट (1861–1919) हा पोलाद कारखान्यांत आणि मशीन शॉपमध्ये घडलेला इंजिनिअर. ठरलेलं काम किती आणि झालेलं किती हे फोरमनला एका नजरेत कळावं, यासाठी त्याचे तक्ते होते. पोलंडच्या आदामिएत्स्कीनं त्याआधीच, 1896 मध्ये, असंच काहीसं केलं होतं. म्हणजे वस्तू मूळची शॉप फ्लोअरचीच. हे ऐकून गडी जरा सैल झाला.

पथ्य एकच घातलं: चार्ट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दिवसाउजेडी उघडायचा. रात्री दोनला पट्टे सरकवणं हे नियोजन नव्हे, ती काळजीच आहे. झोप कित्येक आठवडे उडालेली असेल, छाती धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर चार्ट पुरणार नाही, मनोविकारतज्ज्ञांकडं जावं. त्याला ती वेळ आली नाही.

कंपनीला त्यानं फोन केला, तोही माझ्यासमोर नाही, नंतर. साहेब कुरकुरले, पण 25 व्या दिवशी निम्मा माल आणि उरलेला मागून, यावर तयार झाले. ओतलेले नग जसे येतील तसे मशिनिंगला लावले की तेवढं जमत होतं.

पुढच्या ऑर्डरीच्या कागदावर जुलै-ऑगस्टमध्ये एक रिकामा पट्टा होता. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, ते लक्षात ठेवून. छठला गावी जाणाऱ्या मोल्डरांसाठी नोव्हेंबरात दुसरा. फोनवर “हुतंय की” म्हणायची सवय अजून पुरती गेलेली नाही. मात्र तारीख तो आता दुसऱ्या दिवशी सकाळी, कागद बघून, व्हॉट्सॲपवर कळवतो.