जाहिरातीवर क्लिक येतात पण चौकशी येत नाही, लँडिंग पेज कसं सुधारू?

बटण केशरी करा नाही तर जांभळं करा. मागच्या रंगात मिसळून जाऊ नये एवढं बघा आणि तो विषय सोडून द्या. तुमची सोफा-गाद्या धुण्याची सर्व्हिस आहे, गुगलच्या जाहिरातीवर क्लिक येतात, पण क्लिकनंतर जे पान उघडतं (तेच लँडिंग पेज) तिथला फॉर्म कोणी भरत नाही. एजन्सीवाला म्हणतो वर व्हिडिओ टाका, बटण बदला, आणि रेट लिहू नका, "आधी फोन तर येऊ द्या". हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हे वाक्य प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात निघतं.

माझ्या मामांचा नागपुरात सक्करदऱ्याकडे कूलरचा धंदा आहे. विकण्यापेक्षा भाड्याने देण्याचा जास्त. बाहेरच्यांसाठी सांगतो, इथे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, हवा कोरडी असल्यामुळे कूलर छान चालतो, आणि भाड्याच्या खोलीत राहणारा पोरगा कूलर विकत घेत नाही, सीझनपुरता उचलतो. दुसरं गिऱ्हाईक लग्नवाल्यांचं, त्यांना लॉनवर एका रात्रीसाठी जम्बो कूलर पाहिजे असतात.

वेबसाइट केली मामेबहिणीच्या मिस्टरांनी. ते पुण्याला आयटीत असतात. घरचे जावई, म्हणून पैसे घेतले नाहीत, आणि म्हणूनच कोणाला काही बोलता येत नव्हतं. वर सरकणारे मोठमोठे फोटो, म्हणजे स्लायडर, कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले. त्यावर "तीन पिढ्यांचा विश्वास". खाली मामांचा कोटातला फोटो (मामा कोट घालत नाहीत, तो माझ्या लग्नातला आहे). मग "आमच्याविषयी", आणि पार तळाला फॉर्म: नाव, ईमेल, फोन, विषय, संदेश. हनुमाननगरात वरच्या मजल्यावर भाजून निघालेला पोरगा कूलरसाठी ईमेल देणार आणि "विषय" लिहिणार!

भाडं किती, ते कुठेच नाही. मी विचारलं तर जावईबापू म्हणाले, "रेट टाकला की लोक फोन करत नाहीत. शिवाय कॉम्पिटिटरला कळतो." सक्करदऱ्यात कोणाचा काय रेट आहे ते तर्रीपोहेवालाही सांगतो, पण जाऊ द्या.

फोन येत होते, हे खरं. वैतागले होते ते मामा. "अबे, फोन तं दिवसभर वाजून राहिला, मंग कूलर काऊन नाही उठून राहिले?" मी दुकानात बसून नुसते फोन ऐकले. जो तो तेच विचारायचा. भाडं किती, डिपॉझिट किती, आमच्याकडे आणून देता का. आकडा ऐकला की बरेच जण "सांगतो" म्हणून ठेवून द्यायचे. आणि जे घ्यायला तयार असायचे ते एक प्रश्न जरा घुटमळत विचारायचे: पंप जळला तर कोणाच्या डोक्यावर? तुम्हीही आधी हे करा. पेजला हात लावायच्या आधी फोन ऐका, व्हॉट्सॲपचे जुने मेसेज वाचा. हीटमॅप (लोक पेजवर कुठे दाबतात, कुठे थांबतात त्याचा नकाशा) पाहिजे असेल तर मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी फुकट आहे, लोक कुठपर्यंत स्क्रोल करतात ते दिसतं. पण पंप जळला तर डिपॉझिट जाईल ही भीती त्यात दिसत नाही.

मग मी खोलीवाल्यांसाठी एक वेगळं पेज केलं, लग्नवाल्यांसाठी दुसरं. दोघांची गरज वेगळी, घाई वेगळी, त्यांना एका पानावर कोंबण्यात अर्थ नाही. जाहिरातीत "नागपुरात कूलर भाड्याने, घरपोच" असं होतं, पेजच्या माथ्यावरही तेच शब्द. गुगल ॲड्सच्या क्वालिटी स्कोअरमध्ये, म्हणजे गुगल जाहिरातीला देतं त्या गुणांमध्ये, लँडिंग पेजचा अनुभव हा एक वेगळा भाग असतो, तो सोडला तरी माणसाला आपण बरोबर ठिकाणी आलो हे एका नजरेत कळायला पाहिजे. खाली दुकानातल्याच कूलरचा एक फोटो. मग साइजप्रमाणे भाडं, महिन्याचं आणि सीझनचं. डिपॉझिट किती आणि परत कधी. मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर, वाडी असे कुठे कुठे पोचवतो ते भाग. आणि ठळक अक्षरात, पंप जळला तर बदलून देऊ. फॉर्म काढून टाकला. कॉलचं एक बटण, व्हॉट्सॲपचं एक बटण, बस. वरचा मेनूही काढला.

फोटो लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाकले. पेजचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गुगल सांगतं. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साइटवर मोबाइलचा आकडा बघा, ऑफिसच्या वायफायवर उघडून "फास्ट तर आहे" म्हणू नका. तुमचं गिऱ्हाईक ऑफिसच्या वायफायवर नाही.

पेज लागलं आणि फोन कमी झाले. कूलर मात्र जास्त जाऊ लागले. जावईबापूंनी लगेच पुण्याहून रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवला: "बघा, कन्व्हर्जन पडलं." कारण कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून झालेलं काम, म्हणून त्यांनी कॉलच्या बटणावरचा क्लिक धरला होता. ज्यांना परवडणारच नव्हतं ते आता पेज वाचूनच परत जात होते. जे फोन करत होते ते भाडं वाचून, डिपॉझिट मान्य करून करत होते. मामांच्या वहीत हे स्वच्छ दिसत होतं, डॅशबोर्डवर दिसत नव्हतं. तुमच्या एजन्सीला विचारा, तुम्ही नेमकं मोजता काय? चौकशी मोजत असाल तर रेट लपवणं नेहमीच जिंकेल. मोजायचं असेल तर धुतलेला सोफा मोजा. बुकिंगचा हिशेब जीक्लिड (गुगल जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकला जोडतं तो ओळख क्रमांक) वापरून परत गुगल ॲड्समध्ये चढवता येतो. ते झेपत नसेल तर प्रत्येक पेजच्या व्हॉट्सॲप लिंकमध्ये आधीच भरलेला मेसेज वेगवेगळा ठेवा. मेसेज आला की कुठल्या पेजवरून आला ते वहीत लिहायचं. मामा लिहितात, म्हणजे कोणालाही जमेल.

दुसरा वाद सीझनचा. जावईबापूंची साइट एप्रिलमध्ये सुरू झाली, मेमध्ये चौकशा वाढल्या, आणि ते श्रेय त्यांनी स्लायडरला दिलं. अहो, नवतपा (मेच्या शेवटचे भाजून काढणारे नऊ दिवस) लागला की खांबावर नंबर चिकटवला तरी कूलर जातो. नागपूरच्या मे महिन्यात कुठलंही पेज चांगलंच दिसतं. तुमच्याकडे दिवाळीच्या आधी तेच होईल. जुनं आणि नवं पेज एकाच आठवड्यांत, अर्धी अर्धी माणसं पाठवून तपासा, नाही तर निदान मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी तुलना करा.

आणि बटणाचा रंग तपासून का बघू नये, तेही सांगतो. समजा १०० पैकी २ जण चौकशी करतात. ते प्रमाण २ वरून अडीच टक्के झालं हे भरवशाने म्हणायला जुन्या आणि नव्या बटणाला प्रत्येकी साधारण १४,००० माणसं लागतात. तुमच्या-आमच्या धंद्यात तेवढी येईपर्यंत सीझन संपतो. म्हणून लहान धंद्याने मोठेच बदल करावेत: भाव, पहिली ओळ, फॉर्मची लांबी. रंगाचे प्रयोग मोठ्या कंपन्यांना शोभतात.

व्हिडिओचं म्हणाल तर २००८ च्या ओबामांच्या प्रचारातली चाचणी शोधून वाचा. नाव नोंदवण्याच्या पेजवर त्यांनी वेगवेगळी बटणं, फोटो आणि व्हिडिओ यांच्या २४ जोड्या लावून पाहिल्या. टीमला व्हिडिओ आवडला होता. सगळे व्हिडिओ सगळ्या फोटोंच्या मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि "लर्न मोअर" बटण जिंकलं, नोंदणी ८.२६ टक्क्यांवरून ११.६ वर गेली. हे मी जावईबापूंना पाठवलं होतं. उत्तर आलं, "ते अमेरिकेत चालतं." तिथे लाखो लोकांवर तपासलेलं आपल्याकडे चालत नाही, पण स्वतःच्या आवडीचा स्लायडर मात्र चालतो!

आता थोडं सांभाळून. भाव लिहा हे सगळ्यांना लागू नाही. इंटेरियर, बांधकाम, जिथे काम बघितल्याशिवाय आकडा निघत नाही, तिथे एक आकडा लिहिणं उलट अंगावर येतं. सोफ्याचं तसं नाही. पाच सीटचा सोफा एवढे, डबल बेडची गादी एवढे, डाग जुना असेल तर बघून सांगू, एवढं लिहिता येतं. मी स्थानिक सर्व्हिसची पेजं केली आहेत, ऑनलाइन दुकानाचं गणित वेगळं असतं, तिथे मला विचारू नका. आणि गुगल ॲड्समध्ये लोकेशनचं सेटिंग एकदा उघडून बघा. डिफॉल्टमध्ये तुमच्या शहरात असलेल्यांबरोबर, बाहेर बसून शहराबद्दल शोधणाऱ्यांनाही जाहिरात दाखवली जाते. सोफा धुवायला ते काही येणार नाहीत, त्यामुळे फक्त शहरात असलेले लोक निवडा.

जावईबापूंनी एक काम मात्र चोख केलं, डोमेन मामांच्या नावावर घेतलं आणि ॲड्सचं खातंही मामांच्याच ईमेलवर उघडलं. म्हणून तर मला नवी पेजं लावता आली. तुमचं डोमेन आणि खातं एजन्सीच्या नावावर असेल तर लँडिंग पेज नंतर, आधी ते स्वतःच्या नावावर करून घ्या.