जिंकले तेव्हा तरी का थांबले नाहीत?

बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंचं पत्र आलंय. यजमान 34 वर्षांचे, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर, पगार 24 हजार. दोन वर्षांपूर्वी आयपीएलच्या दिवसांत एका मित्रानं मोबाईलवर जुगार खेळायचा ‘आयडी’, म्हणजे खातं, काढून दिला. आज सोसायटीचं कर्ज, बँकेत गहाण पडलेल्या ताईंच्या पाटल्या, ओळखीच्या सावकाराचे शेकडा पाचनं 60 हजार आणि मित्रांचे हातउसने मिळून 3 लाख 80 हजार अंगावर आहेत. पिग्मीचं खातं मोडल्याचं ताईंना पिग्मीवाल्याकडून कळलं. त्यानंतर पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली, चाळीस दिवस मोबाईलमधला खेळ बंद राहिला. एकेचाळिसाव्या दिवशी, नुकताच पगार झालेला असताना, रविवारी रात्री ते 11 हजार जिंकले. पहाटेपर्यंत ते 11 हजार गेले आणि पगारातले 16 हजारही गेले.

ताई लिहितात, “जिंकले तेव्हा तरी का थांबले नाहीत? इच्छाशक्तीच नाही म्हणायची, की डोक्यात काही बिघाड झालाय? माझे वडील जमिनीचे तीन लाख द्यायला तयार आहेत. घेऊ का?”

ताई, पैशाचं उत्तर आधी देतो. आत्ता घेऊ नका. पुढेही सगळे एकदम घेऊ नका. का, ते तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

जुगाराची ओढ पैशाची असते असं आपण धरून चालतो. म्हणून 11 हजार मिळाल्यावर पोट भरायला हवं होतं असं तुम्हाला वाटलं. पण मेंदूला चटक लागते ती निकालाची वाट बघण्याची. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळानं फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळताना मेंदूतल्या डोपामीन या रसायनाच्या पेशी चेतायच्या. माकडांना खूण कळल्यावर त्या रसाला नव्हे, दिव्यालाच चेतू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांचं काम नेहमीपेक्षा खाली जायचं. 2003 साली याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असली, म्हणजे मिळेल की नाही हे अजिबात सांगता येत नसलं, की वाट बघण्याच्या त्या काळात या पेशी सगळ्यात जास्त जाग्या राहतात. मिळणार हे नक्की असेल तर नाही, मिळणार नाही हे नक्की असेल तरी नाही.

त्या रात्री 11 हजार खात्यावर दिसले तेव्हा तुमच्या यजमानांची वाट बघणं संपलं होतं. ते पुन्हा सुरू करायला पुढचा डाव लावावा लागतो. जिंकलेला पैसा त्यांच्यासाठी तेवढ्यापुरतं इंधन होता. त्यात तो पैसा नोटांच्या रूपात हातात आलेला नसतो. आयडीच्या पॅनलवर, म्हणजे जुगाराच्या साइटवर, तो ‘कॉइन’ म्हणून पडून असतो, आणि कॉइन घालवताना नोट मोडल्यासारखं काळजात चर्र होत नाही.

आता तो खेळ जवळून बघा. तुम्ही लिहिलंय तो विमानाचा. विमान वर चढत जातं तसा आकडा वाढतो: 1.20, 1.50, 1.80. ते उडून जायच्या आत बटण दाबलं तर लावलेले पैसे तितक्या पटीनं परत. समजा त्यांनी 1.80 वर काढले आणि विमान 14 पर्यंत गेलं. खरं तर ते जिंकले, पण मनात राहतं ते ‘थोडं थांबलो असतो तर’. पुढच्या डावात ते थांबतात आणि विमान 1.10 वरच उडून जातं. ‘अगदी थोडक्यात हुकलं’ ही भावना खेळणाऱ्याला परत बसवते. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 साली मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की थोडक्यात हुकलेल्या डावाला मेंदूतले जिंकण्याला चेतणारे भागच चेततात, आणि माणसाला पुन्हा खेळावंसं वाटतं. हरलेला डाव आणि हुकलेला डाव यांत पैशाच्या हिशेबानं काडीचाही फरक नसतो. मेंदू तो फरक करतो.

मटक्याला, म्हणजे आपल्याकडच्या ओसीला, दिवसातून ओपन आणि क्लोज असे दोन आकडे. मध्ये कामधंदा, जेवण, झोप. फोनवर एक डाव काही सेकंदांत संपतो. ताशी 120 डाव आणि प्रत्येक डावाला 100 रुपये धरले तर तासाला 12 हजारांची उलाढाल होते. खेळवणारा शंभरातले तीनच रुपये राखतो असं धरलं तरी सरासरी 360 रुपये दर तासाला जातात, आणि बेकायदा पॅनलवर तो किती राखतो हे तपासणारं कुणी नाही. जुगार जितका वेगवान तितकी चटक लवकर लागते, ती याच कारणानं.

तुमचा दुसरा प्रश्न इच्छाशक्तीचा. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) काही रुग्णांनी आयुष्यात कधी पत्त्याला हात लावलेला नव्हता, आणि प्रॅमिपेक्सोलसारखी डोपामीनच्या वाटेनं काम करणारी गोळी सुरू झाल्यावर ते जुगारात बुडाले. डॉक्टरांनी गोळी कमी केली किंवा बदलली की बहुतेकांची ओढ उतरली. (घरात कुणा वडीलधाऱ्यांना अशी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.) त्या माणसांचा स्वभाव काही गोळीबरोबर बदलला नव्हता. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या नियमावलीतही जुगाराचा विकार दारू-तंबाखूच्या व्यसनांच्या गटात घातला गेला. त्यात नऊ लक्षणं दिली आहेत, आणि बारा महिन्यांत चार किंवा जास्त असतील तर विकार धरतात. तुमच्या पत्रातच चार दिसतात: गेलेला पैसा भरून काढायला पुन्हा खेळणं, खोटं बोलणं, थांबायचा प्रयत्न फसणं, रक्कम वाढवत नेणं. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

याचा अर्थ त्यांच्यावर जबाबदारी नाही असा होत नाही. कपाळाच्या मागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग त्यांच्याकडेही आहे. फक्त जागरण, ताण, दारू आणि सावकाराचा फोन यांनी तो थकतो, आणि ओढ त्याच्यापेक्षा चपळ असते. ती साधारण वीस-तीस मिनिटं जोरात येते आणि खेळलं नाही तर ओसरते. तेव्हा करायचं ते इतकंच, की ओढ उठल्यापासून पैसा हाती लागेपर्यंतचं अंतर या वीस-तीस मिनिटांपेक्षा मोठं करायचं. आज ते अंतर चार आकडी पिनाएवढं आहे. वडिलांचे तीन लाख आले तर ते आणखी कमी होईल: बरंचसं कर्ज फिटेल, सावकार पुन्हा उधार देईल, सोसायटी पुन्हा कर्ज देईल, आणि संकट आलं की कुणीतरी सोडवतं हे मेंदू शिकेल.

पगाराच्या खात्यापासून सुरुवात करा. पगार जमा झाला त्याच दिवशी तो दोघांच्या सहीनं चालणाऱ्या खात्यात जायला हवा. ‘दोघांपैकी कुणाचीही सही’ नको, ‘दोघांची’ असंच बँकेत लिहून द्या, आणि या खात्यावर यूपीआय व कार्ड घेऊ नका. जुन्या खात्याच्या डेबिट कार्डचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतात. रोजच्या खर्चाला त्यांच्याकडे आठवड्याला 500-700 रुपये रोख पुरतील. कामावर यूपीआयशिवाय भागतच नसेल तर ‘यूपीआय सर्कल’ ही सोय वापरा. पैसे तुमच्या खात्यातून जातात, आणि अर्धवट अधिकाराचा पर्याय निवडला तर त्यांच्या प्रत्येक पेमेंटला तुमच्या फोनवर मंजुरी लागते. रात्री साडेअकराला 500 रुपयांची मंजुरी मागणारी सूचना आली, तर भांडायच्या आधी उठून त्यांच्याशी बोला.

हे सगळं त्यांच्या संमतीनं व्हायला हवं. चोरून फोन तपासणं आणि पाकीट काढून घेणं दोन आठवडे चालतं, मग दुसरं सिम येतं. त्यांना म्हणा, “पैसा मी हिसकावून घेत नाही, सहा महिने सांभाळते.” सहा महिन्यांनी दोघं बसून पुन्हा ठरवा.

फोनचं काम सोपं आहे, पण अर्धवट केलं तर फुकट जातं. अ‍ॅप काढलं आणि आयडी देणारा एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर तसाच राहिला, तर तो चार दिवसांत ‘बोनस’ पाठवतो. जमलं तर नंबरच बदला, टिप्स देणाऱ्या टेलिग्राम ग्रुपांतून बाहेर पडा. ‘बेटब्लॉकर’ नावाचं मोफत अ‍ॅप जुगाराच्या साइट अडवतं. प्रत्येक नवी साइट त्याला सापडेलच असं नाही, पण अडथळा तर वाढतो. ऑनलाइन पैशाचे खेळ बंद करणारा कायदा संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, खेळवणाऱ्याला आहे. तेव्हा उपचार मागायला जाताना त्या कायद्याची भीती बाळगू नका.

मग कर्जाचा कागद. एका पानावर त्यांच्याच हातानं लिहायला लावा: कुणाचे, मुद्दल किती, व्याज किती, कधी घेतले. पहिली यादी जवळजवळ नेहमी अपुरी असते, त्यात कमीपणा वाटणारं एखादं नाव राहतं. म्हणून खाली जागा सोडा आणि आठवड्यानं पुन्हा बसा. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून घेतलेलं लपलं असेल तर क्रेडिट रिपोर्टमध्ये बहुधा सापडतं. सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो.

पाटल्या आधी सोडवाव्यात असं तुम्हाला वाटणार, ते समजतं. पण शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. 60 हजारांवर दर महिन्याला 3 हजार नुसतं व्याज जातं. बँकेतल्या सोन्यावर याच्या पासंगालाही व्याज नसतं. आधी सावकार. तोही त्यांच्या हातून नाही. तुम्ही किंवा तुमचे वडील स्वतः जाऊन चुकते करा आणि कागद फाडून घ्या. वडिलांकडून घ्यायचेच तर एवढेच 60 हजार घ्या, तेही उपचार सुरू झाल्यावर. सावकार घरी येऊन धमकावत असेल तर गप्प बसू नका. वसुलीतल्या जबरदस्तीविरुद्ध कर्नाटकात 2025 साली खास कायदा झाला आहे, पोलिसांत तक्रार देता येते.

उपचारासाठी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था आहे, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीचा पर्यायही आहे. मुख्य उपचार बोलण्याचा असतो. ओढ कशानं उठते ते शोधायचं, ‘आता माझा नंबर येणारच’ असले विचार तपासायचे, आणि त्या वेळी काय करायचं ते आधीच ठरवून सराव करायचा. काहींना डॉक्टर नाल्ट्रेक्झोन देतात, त्यानं खेळातली मजा बोथट होते. त्याआधी यकृताची तपासणी लागते, आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी चालू असेल तर आधी सांगावं लागतं.

एक प्रश्न टाळू नका. कर्जाखाली दबलेल्या जुगाऱ्यांत जीव देण्याचे विचार पुष्कळ येतात. सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं किंवा ते गप्प राहिले, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. माहेरच्या शेताचं औषध तुमच्या घरी ठेवलं असेल तर ते आजच बाहेर काढा.

पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होईल, झोप लागणार नाही, जेवणाला चव नाही म्हणतील. एवढ्या जोराच्या धक्क्यांना सरावलेल्या मेंदूला साधा दिवस फिका लागतो. तो हळूहळू परत येतो, पण किती दिवसांत याचा आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. त्या काळात संध्याकाळ मोकळी ठेवू नका: व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालणं, भजन, सोडलेली तालीम, जे पूर्वी आवडायचं ते. पगाराची तारीख, रविवारची रात्र आणि मॅचचा दिवस कॅलेंडरवर लाल करा. गोव्याला ‘नुसतं फिरायला’ बोलावणाऱ्या मित्रांना सध्या नाही म्हणा. पणजीत मांडवीवरच कॅसिनो आहेत.

आणि ते चाळीस दिवस वाया गेले असं म्हणू नका. ती घसरण पगार, रविवार आणि हातातला फोन एकत्र आल्यावर झाली, म्हणजे कुंपण कुठे घालायचं ते कळलं. पुन्हा घसरलं तर चोवीस तासांत तुम्हाला सांगायचं: किती, किती वाजता, पैसा कुठून आला. हे आधीच ठरवा, आणि ते सांगतील तेव्हा त्या रात्री ओरडू नका. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी लपवतो.

सावकार फिटला की पिग्मी पुन्हा सुरू करा, खातं तुमच्या नावावर, पासबुक तुमच्याकडे. रोजचे पन्नास रुपये मात्र पिग्मीवाला दारात आला की यजमानांनी स्वतःच्या हातानं द्यावेत.