लॉगिनचे पान मागणाऱ्या वाय-फायला ब्राउझर नसलेली उपकरणे कशी जोडावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कामानिमित्त सहा महिने सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये मुक्काम आहे, तिथल्या वाय-फायला पासवर्ड नाही, पण जोडल्यावर खोली क्रमांक आणि मोबाईल क्रमांक विचारणारे पान उघडते, फोन आणि लॅपटॉप त्यातून पार पडतात, परंतु टीव्हीला लावायचे जुने क्रोमकास्ट, वाय-फायवरून चालू-बंद होणारा एक स्मार्ट प्लग आणि घरून आणलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक यांच्यावर ते पान उघडण्याची सोयच नाही, तेव्हा ती कशी जोडावीत? यंत्रे बसवण्याच्या कामामुळे वर्षातले चार-पाच महिने मी हॉटेले आणि अतिथिगृहे यांत काढतो आणि हा त्रास मी पुरेपूर भोगलेला आहे, म्हणून स्वतः करून पाहिले तेवढेच सांगतो.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू, कारण ते कळले की उपाय आपोआप सुचतात. आपला अँड्रॉइड फोन अशा नेटवर्कला जोडला जातो तेव्हा त्याला आयपी पत्ता, म्हणजे त्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, लगेच मिळतो. मात्र फोन तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. तो गुपचूप गूगलच्या एका ठराविक पत्त्यावर साधी, कूटबद्ध नसलेली विनंती पाठवतो आणि 204 या क्रमांकाचे रिकामे उत्तर येण्याची वाट पाहतो. नेटवर्कच्या दारावरचे यंत्र ती विनंती मध्येच अडवून लॉगिनच्या पानाकडे वळवते, 204 येत नाही, आणि त्यावरून फोन ‘नेटवर्कवर साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. आयफोन आणि विंडोज यांचेही असेच आपापले ठरलेले पत्ते आहेत. स्मार्ट प्लग यातले काहीच करत नाही. तो थेट आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी कूटबद्ध संपर्क साधू पाहतो, तो संपर्क दारातच तुटतो, आणि बिचारा दिवा लुकलुकवत बसतो. पान त्याच्यापर्यंत पोहोचले असते तरी ते भरणार कोण, हा प्रश्न उरतोच. लॉगिनच्या पानाची माहिती डीएचसीपीमधूनच, म्हणजे आयपी पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेतूनच, उपकरणाला कळवण्याची सोय 2020 च्या आरएफसी 8910 या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात आहे, पण तिथेही पान वाचणारा माणूस आणि पडदा गृहीत धरलेलाच आहे.

आता कळीचा मुद्दा. आपण पान भरले की दारावरचे यंत्र आपले नाव किंवा ब्राउझर लक्षात ठेवत नाही. बहुतेक ठिकाणी ते फक्त आपल्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे वाय-फाय चिपचा बारा अंक-अक्षरांचा क्रमांक, ‘यांना जाऊ द्या’ अशा यादीत ठरावीक मुदतीसाठी नोंदवते. त्यामुळे पान त्याच उपकरणावर उघडलेच पाहिजे असे मुळीच नाही. एकतर उपकरणाचा मॅक पत्ता कोणीतरी त्या यादीत घातला पाहिजे, नाहीतर यादीत आधीच असलेल्या एखाद्या मॅक पत्त्याच्या आडोशाने उपकरणाने बाहेर गेले पाहिजे. खाली जे काही सांगतो आहे ते या दोनपैकी एका वाटेचेच रूप आहे.

पहिली वाट सर्वांत सरळ, आणि लोक ती शेवटी आठवतात: स्वागतकक्षात किंवा तिथले नेटवर्क पाहणाऱ्या माणसाकडे जाऊन उपकरणांचे मॅक पत्ते लिहून द्यावेत आणि मुक्काम संपेपर्यंत ते लॉगिनशिवाय सोडावेत अशी विनंती करावी. एक-दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी हे कोणी करत नाही, परंतु सहा महिने भाडे देणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही. विचारताना ‘वाय-फाय चालत नाही’ असे म्हणू नये, कारण मग एक माणूस येऊन आपल्या फोनवर यूट्यूब लावून दाखवतो आणि निघून जातो. ‘या तीन उपकरणांचे मॅक पत्ते लॉगिनमधून वगळा’ असेच म्हणावे. पत्ता बहुधा उपकरणाच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो. माझ्या एका प्लगच्या स्टिकरवर तो इतक्या बारीक अक्षरात होता की मी ‘बी’ हे अक्षर 8 असे वाचले, व्यवस्थापकांनी माझ्या चिठ्ठीवरून तसेच नोंदवले, आणि दोन दिवस मी त्या बिचाऱ्यांना दोष देत राहिलो. तेव्हापासून मी स्टिकरचा फोटो काढून मोठा करून पाहतो आणि चिठ्ठीऐवजी तो फोटोच पाठवतो. स्टिकर नसेल तर उपकरण तात्पुरते दुसऱ्या एखाद्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून सुरू करावे. मग त्याच्या ॲपमध्ये, आणि काही फोनांत हॉटस्पॉटला जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, मॅक पत्ता दिसतो.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट, यादृच्छिक मॅक पत्ता वापरतात. प्लग किंवा जुने क्रोमकास्ट असे काही करत नाही, पण जुना फोन किंवा टॅबलेट यादीत घालून घ्यायचा असेल तर त्या नेटवर्कपुरते हे बंद करावे लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे: पत्त्यातले दुसरे अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नव्हे.

दुसरी वाट म्हणजे छोटा ट्रॅव्हल राउटर, आणि माझे प्रामाणिक मत विचाराल तर सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी आपण हाच घ्यावा. साबणाच्या वडीएवढा हा डबा यूएसबी चार्जरवर चालतो. विकत घेताना ‘रिपीटर’ किंवा ‘विस्प’ या नावाची सोय आहे का ते पाहावे, म्हणजे राउटर एका बाजूने अपार्टमेंटच्या वाय-फायला ग्राहक म्हणून जोडला जाईल आणि दुसऱ्या बाजूने स्वतःचे खाजगी, पासवर्ड असलेले वाय-फाय देईल. घरातल्या साध्या रेंज वाढवणाऱ्या यंत्राने हे काम होईलच असे नाही, कारण त्यांतली बरीच यंत्रे मागच्या उपकरणांना वेगळे नेटवर्क देत नाहीत आणि मग दारावर प्रत्येक उपकरण पुन्हा स्वतंत्रपणे अडवले जाते. फोन या राउटरच्या वाय-फायला जोडावा, राउटरच्या पानावरून अपार्टमेंटचे नेटवर्क निवडावे, आणि मग फोनवर कोणतेही साधे, कूटबद्ध नसलेले संकेतस्थळ उघडावे; मी त्यासाठी नेव्हरएसएसएल डॉट कॉम वापरतो, कारण ते याच कामासाठी बनवलेले आहे. लॉगिनचे पान येते, ते नेहमीप्रमाणे भरावे. दारावरच्या यंत्राच्या दृष्टीने लॉगिन केले ते राउटरच्या मॅक पत्त्याने, आणि त्यामागे आपण तीन उपकरणे लावली की तेरा, हे त्याला एरवी दिसत नाही.

यात आणखी दोन फायदे पदरात पडतात. राउटरच्या वाय-फायला आपल्या घरच्या वाय-फायचेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तर घरून आणलेली उपकरणे काहीही न विचारता स्वतःहून जोडली जातात. मी बॅग उघडून प्लग भिंतीत खोचतो आणि चहा सांगतो, एवढेच काम उरते. दुसरे, सार्वजनिक नेटवर्कवर बहुधा पाहुण्यांची उपकरणे एकमेकांपासून तोडलेली असतात, ते योग्यही आहे, पण त्यामुळे क्रोमकास्टचा मॅक पत्ता यादीत घालून घेतला तरी आपल्या फोनला ते क्रोमकास्ट सापडतच नाही. पहिल्या वाटेने गेलेले बरेच लोक इथे येऊन अडकतात. राउटरच्या मागे दोन्ही एकाच खोलीत, एकाच घरात असतात.

पान आलेच नाही तर घाबरू नये. कारणे मोजकी आहेत. फोनला इंटरनेट सापडले नाही की तो परस्पर मोबाईल डेटावर सरकतो, म्हणून लॉगिन होईपर्यंत डेटा बंद ठेवावा. ओटीपी एसएमएसने येत असेल तर तो डेटाशिवायही येतो. फोनमधले व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) आणि खाजगी डीएनएस (डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा), तसेच राउटरमध्ये स्वतंत्र डीएनएस किंवा ‘डीएनएस रीबाइंडिंग’पासूनचे संरक्षण (बाहेरच्या नावाला अंतर्गत आयपी पत्ता मिळाला तर तो अडवणारी सोय) चालू असेल तर तेही तेवढ्यापुरते बंद करावे, कारण लॉगिनच्या पानाचा पत्ता अनेकदा फक्त तिथल्याच डीएनएसला ठाऊक असतो. राउटरचे आणि अपार्टमेंटचे अंतर्गत आयपी पत्ते एकाच मालिकेतले असतील तर राउटरची मालिका बदलावी. आणि प्लग राउटरला दिसत नसेल तर 2.4 गीगाहर्ट्‌झ ही वाय-फायची लहरपट्टी चालू आहे ना, ते तपासावे. स्वस्त प्लगना 5 गीगाहर्ट्‌झ कळत नाही.

राउटर हाती येईपर्यंत लॅपटॉपवर भागवता येते. विंडोज 10 आणि 11 मधला मोबाईल हॉटस्पॉट वाय-फायवरून आलेले इंटरनेट पुन्हा वाय-फायवरून वाटू शकतो. लॅपटॉपवर पान भरावे, हॉटस्पॉट सुरू करावा, बस. लॅपटॉप झोपला की प्लगही मेला, हा त्यातला दोष. मॅकबुकला त्याच एका वाय-फायवरून घेऊन त्याच वाय-फायवर देता येत नाही आणि आयफोनचा हॉटस्पॉट फक्त मोबाईल डेटाच वाटतो. काही अँड्रॉइड फोन मात्र वाय-फायसुद्धा पुढे देतात.

लॅपटॉपला क्रोमकास्टचा मॅक पत्ता चिकटवून लॉगिन करायचे आणि मग लॅपटॉप मूळ पत्त्यावर आणून क्रोमकास्ट लावायचे, असा एक सल्लाही आपल्याला दिला जाईल. तो तत्त्वतः बरोबर आहे आणि लिनक्सवर सहज जमतो. विंडोजवर मात्र वाय-फायचे बरेच ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे प्रोग्राम, ज्याचे दुसरे अक्षर 2, 6, ए किंवा ई आहे असाच पत्ता स्वीकारतात, म्हणजे क्रोमकास्टचा खरा पत्ता नाकारला जाण्याचीच शक्यता अधिक. शिवाय दोन्ही उपकरणे चुकून एकाच वेळी चालू राहिली तर दोघांचेही नेट धड चालत नाही, आणि मुदत संपली की हा सगळा खटाटोप पुन्हा. स्वतःच्या उपकरणाबाबतही हे तिथल्या नियमांत बसते का ते आधी विचारावे. दुसऱ्या पाहुण्याचा पत्ता उचलणे तर सरळ चोरी आहे.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. मुंबई सेंट्रलला जानेवारी 2016 मध्ये सुरू झालेल्या रेल्वे स्थानकांवरच्या वाय-फायवर अर्धा तास मोफत मिळतो आणि ओटीपी लागतोच. तिथे प्लग लावायला कोणी जात नाही. अपार्टमेंटमध्ये मुदत बहुधा एका दिवसाची किंवा आठवड्याची असते, आणि ती संपल्यावर प्लग काहीही न कळवता मुका होतो. मुदत किती ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि जमल्यास राउटरचा एकच मॅक पत्ता वगळून घ्यावा, म्हणजे दोन्ही वाटांचा लाभ एकत्र मिळतो.

राहिला रास्पबेरी पाय. राउटरला लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची खाच) असेल आणि आपल्या पायला इथरनेट, म्हणजे तशीच खाच, असेल तर त्याला वाय-फायवर ठेवूच नये, हातभर केबलने जोडून टाकावा. मग पहारेकरी म्हणूनही त्याचा उपयोग होतो: दर दहा मिनिटांनी फोनसारखीच 204 ची विनंती पाठवून उत्तरात दुसरे काही आले तर बझर वाजवणारी चार ओळींची स्क्रिप्ट मी माझ्या पायवर ठेवली आहे. इंटरनेटच तुटलेले असल्याने तो मला संदेश पाठवू शकत नाही, म्हणून बझर. तो वाजला की मी फोन उचलतो, पान भरतो आणि पुन्हा झोपतो.