४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही, ६४१ ने भाग जातो. ६४१ × ६७००४१७, बस, हे दोनच अवयव आणि दोन्ही मूळ.

आता वाचायला सोपं म्हणून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं की अशा (२ चा घात १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत न्यायचा आणि १ मिळवायचा) सगळ्या संख्या मूळ असणार, कारण आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ आहेतच ना, पण पाचच निघाल्या आणि सहावीलाच गाडी अडकली. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ६४१ शोधला. त्याने पुढे हेही दाखवलं की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येणार, मग तपासायचं काय तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा थेट ६४१, कागदावर अर्ध्या तासाचं काम हो!

मला आवडते ती गंमत वेगळीच. ६४१ = ५×१२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६ पण. पहिल्यावरून ६४१ ने भागताना ५×१२८ ची बाकी −१ (इथून पुढे = म्हणजे बाकी सारखी), चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८वा घात) = १, आता ६२५ च्या जागी −१६ टाका, −(२ चा ३२वा घात) = १, म्हणजेच २ चा ३२वा घात अधिक १ = ०. झालं, भागाकार न करताच बाकी शून्य.

हिच्यानंतर अशी एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाहीये.