साधी खुर्ची एवढी महाग का?

प्रश्न: बाउहाउस या जुन्या जर्मन डिझाइन-शाळेवाल्यांची ती फेमस खुर्ची म्हणजे वाकवलेला स्टीलचा पाइप आणि चामड्याच्या चार पट्ट्या, बस. म्हणे सामान्य माणसासाठी डिझाइन केलेली. मग 'ओरिजिनल'ची किंमत ऐकून घाम का फुटतो? हे गंडलं कुठे?

उत्तर: अहो, आत्ता नाही, पहिल्यापासूनच गंडलंय! वॉल्टर ग्रोपियसने 1919 मध्ये वायमारला बाउहाउस काढलं तेव्हा भर हस्तकलेवर होता, मशीनचं कौतुक 1923 च्या आसपास सुरू झालं, म्हणजे बोलणं बदललं पण काम हातानेच चालू. तिथल्याच विल्हेल्म वागेनफेल्डचा 1924 चा टेबल लॅम्प बघा, दुधी काचेचा घुमट आणि सरळ दांडा, वाटतं फॅक्टरीतून हजारांनी निघत असेल, प्रत्यक्षात वर्कशॉपमध्ये एकेक बनवायचे. लाइपझिगच्या ट्रेड फेअरला नेला तर व्यापारी हसले, दिसतो स्वस्तातला आणि भाव एवढा?! म्हणजे तुमचा प्रश्न 100 वर्षं जुना आहे.

तुम्ही म्हणताय ती खुर्ची बाउहाउसच्याच मार्सेल ब्रॉयरची, 1925 ची, सायकलच्या हँडलवरून सुचलेली. आज त्यात पाइपापेक्षा नावाचेच पैसे जास्त, असं आपलं माझं मत.

खरं सांगू का, सामान्य घरात जे पोचलं ते खुर्चीतून नाही, किचनमधून. 1926 मध्ये आर्किटेक्ट मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी किचन डिझाइन केलं, त्यासाठी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन अभ्यासलं, कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजलं आणि साधारण 1.9 बाय 3.4 मीटरमध्ये ओटा, सिंक, कपाटं, पीठ-तांदळाचे अॅल्युमिनियमचे खण सगळं बसवलं. अशी जवळपास 10,000 किचन्स बसली. (गंमत म्हणजे बाईंना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता, नंतर त्यांनीच सांगितलंय!) टीकाही झाली, आत दुसरा माणूस मावत नाही म्हणजे बाईने एकटीनेच राबायचं, आणि ते पटण्यासारखंच आहे. पण आजच्या मॉड्युलर किचनची आजी हीच.

आणि हो, त्या खुर्चीचं चामडं मूळचं नाहीच, ब्रॉयरने सुरुवातीला जाड सुती कापडाच्या पट्ट्या लावलेल्या, चामडं फार नंतर आलं. तेव्हा दुकानदार चामडं दाखवून 'ओरिजिनल' म्हणाला तर एवढं विचारून बघा.