स्टेअरिंग थरथरतंय? आधी ‘कधी’ ते सांगा

या खेपेला पिकअपवाल्यांचे प्रश्न जास्त आहेत, आणि बहुतेकांचा शेवट एकच: ‘कुठला पार्ट बदलू?’ पार्टचं नंतर बघू. किती वेगाला होतं, ब्रेक दाबल्यावर की मोकळ्या गाडीत, सरळ रस्त्यावर की वळणावर, हौदा भरलेला असताना की रिकामा, एवढं लिहिलंत तर निम्मं काम तुम्हीच केलेलं असतं.

कांदा वाहतूक करतो. ६० च्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं, ७० ते ७५ ला हात बधिर होतात. दोनदा अलाइनमेंट केली, दोन्ही टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचे चाकाकडचे सांधे) बदलले. फरक शून्य. (निफाड)

फरक पडणार नव्हताच. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर खाते. ठरावीक वेगाला सुरू होणारी थरथर ही वजनाची भानगड असते, म्हणजे बॅलन्सिंगची. दुकानाच्या पाटीवर दोन्ही शब्द शेजारी लिहिलेले असतात, म्हणून लोक ते एकच समजतात.

तुमची गाडी शेतात जाते, त्यामुळे बॅलन्सिंगलाही नंतर जा. आधी पुढची चाकं काढून रिमची आतली बाजू बघा. मागच्या पावसाळ्यात असाच एक पिकअपवाला आला होता, तीन ठिकाणी पैसे घालून. रिमच्या आत एकाच बाजूला काळी माती वाळून विटेसारखी बसली होती. स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तर घमेल्याचा तळ झाकला. चाक धुऊन बसवलं, गाडी गप्प. मी त्याच्याकडून चहाचेच पैसे घेतले, त्याचा मात्र विश्वास बसेना.

माती नसेल तर रिमच्या कडेवर चौकोनी स्वच्छ डाग दिसतो का बघा. तिथलं बॅलन्सिंगचं शिसं पडलंय. टायरवरून तळवा फिरवा, फुगवटा हाताला लागतो. रिम वाकलीय का हे बघायचं तर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर घेऊन खाली घोडी (लोखंडी स्टँड) द्या, रिमच्या कडेजवळ स्क्रू ड्रायव्हर स्थिर धरा आणि चाक फिरवा. फट कमीजास्त झाली की रिम वाकडी. मशीनवर एका चाकाला १०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागायला लागलं तर वजनं ठोकत बसू देऊ नका, टायर रिमवर थोडा फिरवून परत बसवायला सांगा.

आणि हेही करून बघा: पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर स्टेअरिंगमधून निघून सीटखाली गेली तर चोर त्या चाकांतच आहे. पहिल्यापासूनच ती सीटखाली असती, तर मी तुम्हाला प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि सेंटर बेअरिंग बघायला सांगितलं असतं.

आंबा घाट उतरताना ब्रेक मारला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थडथडतं. पाय काढला की बंद. (रत्नागिरी)

फक्त ब्रेकवर होतंय म्हणजे पुढच्या डिस्क. जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की पॅड कधी जास्त पकडतो, कधी कमी. लेथवर घासून घेता येते, पण डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासल्यावर त्याच्या खाली जाणार असेल तर नवी जोडी टाका, एक कधीच नको. बसवताना हबवरचा गंज साफ करायला सांगा. चाकाचे नट समोरासमोरचे घेत आवळायचे, गोल फिरत नाही. नव्या डिस्क महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा थडथडायला लागल्या तर बहुतेक वेळा ह्याच दोन गोष्टी राहून गेलेल्या असतात.

बाकी घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत पाय ठेवून तापवलेल्या ब्रेकला कुठलीच डिस्क पुरत नाही.

काका, बाबांच्या पिकअपचं स्टेअरिंग सकाळी पूर्ण वळवलं की ‘कुईंऽऽ’ करतं. बाबा म्हणतात पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला. नवीन पंप महाग आहे. खरंच गेला असेल का? (बार्शी)

बाबांना म्हणावं, पैसे खिशातच ठेवा. ‘कुईं’ हा बहुतेक वेळा पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा आवाज. पूर्ण वळवल्यावर पंपावर सगळ्यात जास्त ताण येतो, सैल किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला पट्टा घसरतो. ताण बघा, तडे बघा.

पंपाचा आवाज वेगळा, ‘घूंऽऽ’ असा, स्टेअरिंग फिरेल तसा वाढणारा. तसा असला तरी आधी ऑइलची डबी उघडून बघ. पातळी कमी असेल तर गळती शोधा. ऑइलवर दुधासारखा फेस असेल तर हवा शिरतेय, बऱ्याचदा डबीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिप सैल असते. ती आवळून पुढची चाकं उचलायची, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवायचं, मध्ये मध्ये ऑइल भरायचं. हवा निघून जाते. ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच, शेजारच्या गाडीत काय घालतात ते नको. आणि टोकाला नेऊन धरून ठेवायची सवय बाबांना सोडायला लाव, पंप त्यानेच मरतात.

छोट्या खड्ड्यात पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. मोठ्या खड्ड्यात येत नाही! (फोंडा, गोवा)

यात नवल नाही. मोठ्या खड्ड्यात सगळं दाबून बसतं. छोट्यात झिजलेला जॉइंट मोकळा होऊन आपटतो.

दोन माणसं लागतील. गाडी जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक उघडं. एकाने स्टेअरिंग दोन-तीन बोटं डावी-उजवीकडे झटपट हलवत राहायचं. दुसऱ्याने बाजूने हात घालून एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. कानावर भरवसा नको, लोखंडातून आवाज भलतीकडेच ऐकू येतो. बोटाला टिचकी लागते तोच जॉइंट. टाय रॉड एंडची रबरी टोपी फाटली असेल तर पाण्या-चिखलाने तो गेलाच समजा. बदलल्यावर अलाइनमेंट मात्र करायचीच, निफाडच्या मित्राने जे उगाच केलं ते इथे लागतं.

मग चाक उचला. वर-खाली धरून हलवलं आणि खेळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा: खेळणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे खेळलं तर टाय रॉड. काहीच नाही सापडलं तर स्टॅबिलायझर लिंक आणि लोअर आर्मचे बुश.

तुमच्याकडच्या दमट हवेत आणखी एक बघा, स्टेअरिंगच्या दांड्याचा खालचा क्रॉस. तो गंजला की स्टेअरिंग एका ठिकाणी जड, पुढे हलकं, पुन्हा जड लागतं.

जुनी गाडी, पुढे सलग एक्सल आणि पाटे. ५० ला खड्डा लागला की दोन्ही पुढची चाकं नाचायला लागतात, स्टेअरिंग हातातून सुटतं. मिस्त्रीने स्टेअरिंगला नवीन डॅम्पर (धक्के शोषणारा) टाकला, महिनाभर बरं होतं. (बीड)

डॅम्परने दुखणं झाकलं, बरं केलं नाही. किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ), ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), पाट्यांचे बुश आणि शॅकल, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, सगळ्यांतली थोडी थोडी ढिलाई एकत्र येऊन हा नाच होतो. सगळं एकदा तपासून घ्या, किंग पिनच्या निपलमध्ये ग्रीस खरंच आत जातंय का तेही. टायरमधली हवाही बघा.

रस्त्यावर झालं तर करकचून ब्रेक नको. अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट धरा, वेग उतरू द्या. दुरुस्त होईपर्यंत या गाडीत माल भरू नका, माणसं तर अजिबात नकोत.

वेगात ‘घर्रर्र’ आवाज. डाव्या वळणावर वाढतो, उजव्या वळणावर कमी. (जुन्नर)

उजव्या बाजूचं बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. टमाट्याचा हंगाम संपायची वाट बघू नका. हब हाताला तापलेला लागायला लागला की दिवस थोडेच उरलेले असतात.